बसवण्याइतकेच काढणे

गर्भनिरोधकांवरच्या मराठी पुस्तकांत तांबीच्या वाट्याला एखादे पान येते. दवाखान्याच्या भिंतीवरच्या तक्त्यात तिला चार ओळी मिळतात. उरलेली सगळी माहिती जावेकडून जावेकडे, माहेरपणाला आलेल्या मुलीकडून तिच्या मैत्रिणीकडे तोंडी जाते आणि ती जवळजवळ ठरलेल्या वाक्यांत जाते. तांबी वर चढते, छातीत जाते. तांबीने अंगावरून फार जाते. तांबी बसवली की पुढे दिवस राहत नाहीत. या पुस्तकाच्या लेखिकेने हीच वाक्ये आपल्या प्रकरणांची शीर्षके केली आहेत, हे मला फार आवडले. बाईने विचारलेला प्रश्न जसाच्या तसा घ्यायचा आणि त्याचे पूर्ण उत्तर द्यायचे, ही साधी रीत आपल्या आरोग्यशिक्षणात क्वचितच पाळली जाते. एरवी या वाक्यांवर ‘गैरसमज’ असा शिक्का मारला की काम संपते. पण यातले एक वाक्य खरे आहे आणि एकामागे खराखुरा इतिहास आहे. तो न सांगता ‘घाबरू नका’ म्हणणे म्हणजे समोरच्या बाईला कमी लेखणे होय.

आपल्याकडे आज बसवली जाते ती मुख्यतः कॉपर टी ३८०ए. साधारण ३६ मिलिमीटर उंच आणि ३२ मिलिमीटर रुंद अशी ही प्लास्टिकची इंग्रजी टी. तिच्या दांड्यावर तांब्याची तार गुंडाळलेली असते, दोन्ही हातांवर तांब्याच्या नळ्या असतात आणि खाली दोन बारीक धागे लोंबतात. ३८० हा आकडा तांब्याच्या पृष्ठभागाचा आहे, चौरस मिलिमीटरमधला. या तांब्याचे सूक्ष्म कण गर्भपिशवीच्या आतल्या पाण्यात मिसळत राहतात, त्यांच्यामुळे शुक्रजंतू दुबळे होतात आणि स्त्रीबीजापर्यंत पोचत नाहीत. मुख्य काम एवढेच. बीजकोश आपले काम करत राहतात, दर महिन्याला बीज येते, पाळी येते. तांबीत संप्रेरक नसल्यामुळे दुधावरही परिणाम होत नाही. शंभर जणींनी ती बसवली, तर पहिल्या वर्षात दिवस जाणाऱ्यांचे प्रमाण सरासरीने एकीहूनही कमी असते, आणि दहा वर्षांचा हिशोब मांडला तरी असे साधारण दोघींच्या बाबतीत घडते. म्हणजे परिणामाच्या बाबतीत ती स्त्रियांच्या ऑपरेशनच्या बरोबरीला येते. फरक एकच, ऑपरेशन उलटवायचे तर पुन्हा पोट उघडावे लागते, तेही यशाची खात्री नसताना. तांबी मात्र दोन मिनिटांत निघते.

आता खऱ्या वाक्याकडे वळू. तांबीने अंगावरून जास्त जाते, हे खरे आहे. पहिल्या तीन ते सहा महिन्यांत पाळीचे दिवस वाढतात, ओटीपोटात कळा येतात, मध्येच डाग दिसतात. एका पाळीत जाणारे रक्त सरासरीने दीडपटीपर्यंत वाढू शकते. बहुतेकींचा त्रास पुढे ओसरतो, काहींचा ओसरत नाही. धडधाकट बाईला ही गैरसोय वाटेल. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक, म्हणजे ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयाच्या आढळल्या आहेत. अशा देशात दीडपट रक्तस्राव ही बारीकसारीक बाब नाही. रक्तक्षय असेल तर तांबी बसवूच नये असे वैद्यकशास्त्र म्हणत नाही. पण बसवताना हिमोग्लोबिन पाहायला हवे, लोहाच्या गोळ्या सुरू करायला हव्यात, दुखण्यावर आणि रक्तस्रावावर आयबुप्रोफेनसारखे साधे औषध देता येते हे सांगायला हवे, आणि सहा आठवड्यांच्या आत बाई पुन्हा भेटायला हवी. लेखिकेने या प्रकरणाला सर्वांत जास्त पाने दिली आहेत. ती तशी द्यायलाच हवी होती. बायका तांबी काढून घेतात त्यातल्या बऱ्याच जणी याच कारणाने घेतात, आणि ‘थोडं सहन कर, सवय होईल’ एवढेच ऐकून परत गेलेली बाई पुन्हा त्या दवाखान्याची पायरी चढत नाही.

‘वर चढते’ या भीतीचे उत्तर शरीररचनेत आहे. पिशवी ही वरून बंद असलेली जागा आहे आणि तिथून छातीकडे वाट नाही. मात्र बसवताना पिशवीच्या भिंतीला छिद्र पडून तांबी पोटात जाणे हा प्रकार घडतो, दर हजारी एक-दोनदा. पाजत्या आईत हा धोका वाढतो. युरोपातल्या साठ हजारांहून अधिक स्त्रियांच्या एका मोठ्या अभ्यासात तो सुमारे सहापट दिसला, कारण या काळात पिशवी मऊ आणि लहान असते. तरीही एकूण प्रमाण कमीच राहते, आणि ते आणखी कमी करणे बसवणाऱ्याच्या हातात आहे. पिशवी पुढे झुकली आहे की मागे हे आधी तपासणे, खोली मोजणे, घाई न करणे. याहून कितीतरी जास्त वेळा घडते ते तांबी आपोआप पडून जाणे. पहिल्या वर्षात शंभरातल्या पाच-सहा जणींच्या बाबतीत हे होते, आणि बाळंतपणानंतर लगेच बसवलेली तांबी त्याहून अधिक वेळा पडते. पाळीच्या रक्ताबरोबर ती निघून गेली आणि बाईला कळलेच नाही, मग दिवस राहिले आणि ‘तांबी असताना मूल झाले’ अशी कथा गावभर झाली, असे अनेकदा होते. धागा कसा चाचपायचा हे म्हणून शिकवावे लागते. बाळंतपणात बसवलेल्या तांबीचा धागा सुरुवातीला आत गुंडाळलेला असू शकतो, हेही आधीच सांगावे लागते.

इतिहास आहे तो ‘पुढे दिवस राहत नाहीत’ या वाक्यामागे. तो भारतातला नाही, पण जगभर पसरला.

अमेरिकेत जानेवारी १९७१ मध्ये ए. एच. रॉबिन्स या कंपनीने ‘डॅल्कन शील्ड’ नावाचे साधन बाजारात आणले. ढालीसारखा आकार, कडेला काट्यांसारखे दात, आणि धागा मात्र इतरांपेक्षा निराळा. शेकडो अतिसूक्ष्म तंतू एका नळीत भरलेले आणि नळीची दोन्ही टोके उघडी. योनिमार्गातले जंतू या धाग्यातून वर पिशवीत शोषले जात. तिथे जंतुसंसर्ग, गर्भनलिकांना सूज, आणि हे साधन आत असताना दिवस राहिले तर जंतुसंसर्गाने होणारा गर्भपात. त्यात काही स्त्रिया दगावल्या. १९७४ मध्ये अमेरिकेतली विक्री थांबली. पण ज्या लाखो जणींच्या पिशवीत ते आधीच होते त्यांचे काय? सगळ्यांनी ते काढून घ्यावे असे कंपनीने डॉक्टरांना कळवले ते १९८० मध्ये, आणि काढण्याचा खर्च आपण देऊ अशी जाहिरात केली ती १९८४ च्या अखेरीस. पुढच्या वर्षी कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली, आणि तीन लाखांहून अधिक जणांनी भरपाईचे दावे दाखल केले. वाईट साधन बनवणे हा पहिला अपराध होता. ते वाईट आहे हे कळल्यावरही बायकांच्या शरीरात दहा वर्षे राहू देणे हा दुसरा, आणि माझ्या मते मोठा.

या प्रकरणाची सावली सगळ्याच साधनांवर पडली. १९८६ पर्यंत अमेरिकेच्या बाजारातून जवळजवळ सगळी साधने गेली, निर्दोष तांबीसकट. वंध्यत्वाची भीती पाठ्यपुस्तकांत शिरली आणि तिथून भारतातल्या डॉक्टरांच्या मनात. मूल नसलेल्या मुलीला तांबी द्यायला आजही कां-कूं करणारे डॉक्टर भेटतात, त्याचे मूळ इथे आहे. या भीतीचा नीट तपास झाला तो मेक्सिको सिटीत. १९९७ ते १९९९ या काळात तिथल्या १,८९५ स्त्रियांचा अभ्यास झाला, आणि त्याचे निष्कर्ष २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. गर्भनलिका बंद असल्याने मूल न होणाऱ्या, इतर कारणांनी मूल न होणाऱ्या आणि पहिल्यांदाच दिवस राहिलेल्या अशा तीन गटांत पूर्वी तांबी वापरलेल्या किती, हे पाहिले गेले. तांबीचा आणि नलिका बंद होण्याचा संबंध आढळला नाही. संबंध आढळला तो क्लॅमिडिया या लैंगिक संसर्गाशी. त्याआधी १९९२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीवर आधारलेल्या मोठ्या विश्लेषणातून कळले होते की ओटीपोटातल्या संसर्गाचा धोका तांबी बसवल्यानंतरच्या पहिल्या वीस दिवसांत वाढतो, आणि पुढे वर्षानुवर्षे तो अगदी कमी राहतो. म्हणजे धोका तांबीच्या असण्यात नाही, तो बसवण्याच्या वेळी आत नेल्या जाणाऱ्या जंतूंत आहे. हात, अवजारे, पिशवीचे तोंड स्वच्छ असणे आणि आधीचा संसर्ग ओळखणे, सुरक्षितता इथे ठरते. आणि तांबी काढल्यावर? पुढच्याच महिन्यात दिवस राहू शकतात. वर्षभरात गर्भ राहण्याचे प्रमाण इतर साधने सोडलेल्या स्त्रियांइतकेच असते.

भारताचा स्वतःचा धडा याहून जुना आहे. आज सत्तरी-ऐंशीतल्या बायकांना ‘लूप’ आठवत असेल. अमेरिकेतल्या बफेलो इथले डॉ. जॅक लिपीज यांनी तयार केलेले ते नागमोडी प्लास्टिकचे साधन १९६५ मध्ये आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात आले. कानपूरला ते बनवण्याचा कारखाना निघाला. उद्दिष्टे ठरली, बसवून घेणारीला आणि तिला आणणाऱ्याला पैसे ठरले. पहिल्या दोन वर्षांत दरवर्षी आठ-नऊ लाख लूप बसवले गेले. मग आकडा घसरू लागला आणि १९६८-६९ मध्ये पाच लाखांच्या खाली आला. साधन त्या काळाच्या मानाने चांगलेच होते, इतर देशांत ते पुढे कितीतरी वर्षे वापरात राहिले. इथे शिबिर उठून गेले की मागे कोणी नव्हते. रक्तस्राव होणारी बाई कोणाकडे जाणार? लूप काढून द्यायला तयार असलेला माणूस तालुक्याच्या गावीही मिळेना. आधीच अशक्त असलेल्या, अंगावरून जात असलेल्या त्या बायकांनी दुसऱ्या बायकांना जे सांगितले ते अफवा नव्हती, ती साक्ष होती. त्यानंतर कार्यक्रमाचा सगळा भर नसबंदीकडे गेला आणि आणीबाणीत त्याचे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. कुटुंब नियोजनातली वरून लादलेली उद्दिष्टे शासनाने अधिकृतपणे मागे घेतली ती एप्रिल १९९६ मध्ये.

ही उदाहरणे एकाच जागी येऊन थांबतात. तांबी सुरक्षित आहे याचे मोठे कारण ती काढता येते हे आहे. आणि ती काढता येते हे वाक्य खरे होण्यासाठी ती काढून देणारा माणूस लागतो, जवळचा, न रागावणारा. पुस्तकातले साधन आणि बाईच्या शरीरातले साधन यांत इतकेच अंतर आहे आणि ते फार मोठे आहे. चीनमध्ये १९८० च्या दशकात एक मूल झालेल्या स्त्रियांना स्टीलची कडी सक्तीने बसवली गेली. त्या कडीला मुद्दाम धागा ठेवला नव्हता. परवानगीशिवाय ती काढणे गुन्हा होता. ग्रीनलंडमध्ये १९६६ पासून काही वर्षांत डेन्मार्कच्या डॉक्टरांनी सुमारे साडेचार हजार स्त्रियांना आणि मुलींना साधने बसवली. जननक्षम वयातल्या जवळजवळ निम्म्या बायका. त्यांतल्या अनेकींना विचारलेच नव्हते, काही तर बारा-तेरा वर्षांच्या शाळकरी मुली होत्या. २०२५ मध्ये डेन्मार्कच्या पंतप्रधान मेटे फ्रेडरिकसन यांनी नूकला जाऊन माफी मागितली. आपल्या आत काही बसवले आहे हेच जिला माहीत नाही, तिच्यासाठी ते कायमचेच असते. वैद्यकीय व्याख्येत ते साधन कितीही तात्पुरते असो.

आपल्याकडे सक्तीचे ते दिवस नाहीत, पण काढायला गेलेल्या बाईला काय ऐकावे लागते ते या पुस्तकातल्या पाचव्या प्रकरणात वाचावे. ‘एवढं फुकट बसवून दिलं आणि आता काढायला आलीस?’ ‘मालकांना विचारलंस का?’ ‘दोन वर्षं तरी होऊ दे.’ रागाने बोललेली ही वाक्ये नाहीत. बोलणारी नर्सबाई बहुतेकदा मनापासून त्या बाईचे भले इच्छिते, तिच्या मागे नोंदवहीचा तगादाही असतो. तरीही हे थांबायला हवे. तांबी बसवायला किंवा काढायला नवऱ्याची संमती लागत नाही. कारण सांगण्याची सक्ती नाही. मूल हवे आहे, त्रास होतो आहे, नको वाटते, काहीही चालते. पाळी सुरू असो वा नसो, कोणत्याही दिवशी ती काढता येते. पिशवीच्या तोंडाशी दिसणारे धागे चिमट्यात धरून हळूच, एका दमात ओढले की टीचे दोन्ही हात वर मिटतात आणि ती बाहेर येते. एक कळ येते. लेखिकेने अनेक वर्षे आरोग्यसेविकांना बसवण्याचे प्रशिक्षण दिले आहे, आणि काढण्याचे प्रशिक्षणही तितकाच वेळ देऊन घेतले पाहिजे असा तिचा आग्रह आहे. मी त्यात भर घालेन. काढायला आलेल्या बाईशी पहिले वाक्य काय बोलायचे, याचाही सराव घ्यावा. जिथे तांबी विनातक्रार काढून मिळते तिथेच बायका ती विश्वासाने बसवून घेतात.

हा विश्वास नसल्याचा परिणाम आकड्यांत दिसतो. कुटुंब आरोग्य पाहणीच्या त्याच पाचव्या फेरीत देशातल्या विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के ऑपरेशनवर विसंबलेल्या होत्या, तांबीवर फक्त २.१ टक्के. महाराष्ट्रात तर जवळजवळ निम्म्या विवाहितांचे ऑपरेशन झालेले आहे. लवकर लग्न, लगोलग दोन मुले आणि पंचविशीच्या आसपास ऑपरेशन, हा आपल्या खेड्यापाड्यांतला ठरलेला क्रम. पंचविशीत बाईला पुढची वीस वर्षे दिसत नाहीत. मूल दगावते, नवरा जातो, दुसरे लग्न होते. तेव्हा ती विचारते, ‘नळी जोडून मिळेल का हो?’ दोन मुलांवर थांबायचे ठरवलेल्या जोडप्यालाही दहा वर्षे चालणारी, हवी तेव्हा निघणारी तांबी ऑपरेशनच्या बरोबरीने समोर ठेवली पाहिजे. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले आणि १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ चालवले, तेव्हा तांबी जन्मालाही आली नव्हती. पण मूल कधी हवे आणि हवे की नको हे स्त्रीने ठरवायचे, हा त्यांचा आग्रह होता. शंभर वर्षांनीही आपल्याकडे सर्वाधिक दिले जाणारे साधन तेच आहे ज्यात तिला मत बदलायला जागा नाही, याचे मला वाईट वाटते.

तांबी सगळ्यांसाठी नाही. ओटीपोटात चालू संसर्ग, पिशवीच्या तोंडातून पू, कारण न कळलेला रक्तस्राव, पिशवीच्या तोंडाचा कर्करोग, गाठींमुळे बिघडलेला पिशवीचा आकार किंवा तांबे न पचवणारा विल्सन आजार असेल तर ती बसवू नये. बाळंतपणानंतर ४८ तासांच्या आत बसवता येते, पुढे मात्र चार आठवडे थांबावे. तांबी असताना पाळी चुकली तर ताबडतोब तपासून घ्यावे, कारण तसा गर्भ क्वचितच राहतो, पण राहिला तर नलिकेत असण्याची शक्यता तुलनेने जास्त असते. आणि एड्स किंवा इतर लैंगिक आजारांपासून तांबी संरक्षण देत नाही, तिथे निरोधच लागतो. असुरक्षित संबंधानंतर पाच दिवसांच्या आत बसवली तर ती गर्भ राहू देत नाही, ही फारशी माहीत नसलेली गोष्टही या पुस्तकात ठळक दिली आहे.

संप्रेरक असलेल्या साधनाविषयीचे प्रकरण लहान आहे, ते पुढच्या आवृत्तीत वाढावे. लेव्होनॉरजेस्ट्रेल सोडणारे हे साधन रक्तस्राव उलट कमी करते. अतिरक्तस्रावाने हैराण झालेल्या अनेकींना त्यामुळे पिशवी काढण्याचे ऑपरेशन टाळता येते. बीड जिल्ह्यात तरुण ऊसतोड बायकांच्या पिशव्या मोठ्या प्रमाणावर काढल्या गेल्याचे २०१९ मध्ये समोर आले. त्या चर्चेत या पर्यायाचा उल्लेख व्हायला हवा होता तेवढा झाला नाही. त्याची किंमत तांबीच्या कितीतरी पट आहे हा अडथळा आहे, पण तिशीतल्या बाईच्या पिशवीपुढे ती किंमत मोठी नाही.

शेवटचे प्रकरण वयस्क बायकांसाठी आहे, आणि त्यांच्याविषयी कोणी लिहीत नाही म्हणून मी त्याचा मुद्दाम उल्लेख करते. तांबी कधी बसवली, कोणती बसवली, किती वर्षांची होती हे विसरून गेलेल्या कितीतरी जणी आहेत. काहींच्या आत पन्नास वर्षांपूर्वीचा लूप अजून असू शकतो. पाळी कायमची थांबून वर्ष झाले की साधन काढून टाकावे. आत राहिले तर पिशवी आक्रसत जाते, काढणे अवघड होत जाते आणि कधी संसर्ग होतो. धागा दिसत नसेल तर सोनोग्राफी करावी. तिच्यातही सापडले नाही तर पोटाचा एक्स-रे काढावा. प्लास्टिकमध्ये बेरियम मिसळलेले असते, त्यामुळे ते एक्स-रेत स्पष्ट दिसते. घरात आई, सासू, मावशी असतील तर त्यांना एकदा विचारावे. आणि जिने आता नव्याने बसवली आहे, तिने मिळालेल्या कार्डावरची तारीख आणि प्रकार आपल्या फोनमध्येही लिहून ठेवावा. ३८०ए असेल तर दहा वर्षे, ३७५ हा दुसरा प्रकार असेल तर पाच, आणि त्याआधी केव्हाही, तिच्या मनात येईल तेव्हा.